गादी सरकली

परवाना खात्याच्या मोठ्या साहेबांचा डावा पाय दुखतो, ही बाब सर्वप्रथम खुद्द संचालकांच्या निदर्शनास आली. संचालक अचानक खोलीत आले, साहेब रिवाजाप्रमाणे खुर्चीतून उठायला गेले आणि अर्ध्यावरच अडकले. कंबर वाकलेली, एक हात टेबलावर, तोंड उघडं. संचालकांनी ही मुद्रा नम्रतेची धरली. "बसा, बसा, एवढं वाकायची गरज नाही," असं म्हणून ते प्रसन्न झाले आणि जाता जाता बाहेरच्या मंडळींना "यांच्याकडून शिका" असं सांगून गेले. पुढचे काही दिवस अख्खं खातं अर्धवटच उठत होतं.

साहेबांचं दुखणं मात्र खरं होतं. डाव्या कुल्ल्यात खोल कुठेतरी कळ उठायची, मांडीच्या मागून पोटरीत तारेसारखी उतरायची आणि करंगळीपाशी पोचून मुंग्यांच्या हवाली व्हायची. बसलं की वाढायची. आणि साहेबांचा तर सगळा जन्म बसण्यात गेलेला. सकाळी खुर्चीत बसले की थेट संध्याकाळीच उठत. यात कामाचा भाग थोडा होता. त्यांच्या आधीचे साहेब एकदा हात धुवायला म्हणून उठले आणि परतले तेव्हा त्या खुर्चीत हेच बसलेले होते. जो धडा आपण दुसऱ्याला शिकवला तो माणूस कधी विसरत नाही. म्हणून साहेब पाणीसुद्धा बेतानं पीत.

घरी बायकोनं, म्हणजे बाईंनी, निदान केलं, "तो पंखा बरोब्बर तुमच्या पायावर येतो." मेव्हण्यांनी चपलांना दोष दिला. शेजारचे आजोबा म्हणाले, हे उष्णतेचं. आणि आजी म्हणाल्या, छे, थंडीचं. दुखणं एकाचं आणि वैद्य गावभर, अशी गत झाली. शेवटी साहेबांना वाकून बूट घालता येईना आणि बाईंना ते रोज घालावे लागू लागले, तेव्हा बाईंनीच त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना म्हणजे एक खोली, एक पलंग आणि एक वजनकाटा. त्यांनी साहेबांना उताणं झोपवलं आणि डावा पाय सरळ ठेवून वर उचलला. साहेब ओरडले. मग गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं.

"लघवी, संडास नीट होतंय? बसतो त्या जागेला बधिरपणा? पाऊल लुळं पडतं का?"

"नाही हो."

"छान. यातलं काही झालं तर उभ्या उभ्या मोठ्या रुग्णालयात जायचं, माझी वाटही बघायची नाही. बाकी, कंबरेतून पायात उतरणारी शीर दबतेय. दिवसभर काय करता?"

"अधिकारी आहे."

"म्हणजे बसता. तेच कारण दिसतंय. थोडे दिवस या गोळ्या घ्या, हे दोन व्यायाम करा आणि चाला. दर थोड्या वेळानं खुर्चीतून उठा. काही आठवड्यांत बहुतेकांचं बरं होतं."

साहेब वाट पाहत राहिले. पुढे काहीच आलं नाही.

"फोटो नाही काढायचा?"

"आत्ता गरज नाही."

"इंजेक्शन? पट्टा?"

"चाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या रुग्णाला हाक मारली.

बाहेर आल्यावर साहेब दुखऱ्या पायापेक्षा दुखऱ्या मनानं जास्त लंगडत होते. "चाला म्हणे! एवढ्यासाठी डॉक्टर कशाला हवा? एवढं तर मला रस्त्यावरचा पोलीसही सांगतो."

बाईंनाही ते पटलं. ज्या डॉक्टरला साधी घाबरवण्याची कला येत नाही, त्याच्या हाताला गुण कसा यायचा?

मेव्हण्यांच्या ओळखीनं मग ते मोठ्या रुग्णालयात गेले. तिथे दारातच कारंजं होतं, गालिचा होता आणि हसऱ्या चेहऱ्याची एक मुलगी "कुठला अवयव?" असं विचारत होती. साहेब म्हणाले, "पाय." ती म्हणाली, "पायात कुठे?" साहेबांनी कुल्ल्यापासून करंगळीपर्यंत बोट फिरवलं तशी ती गंभीर झाली. एवढा लांब अवयव त्यांच्या पद्धतीत बसत नव्हता. पायाचे तिथे रीतसर प्रांत पाडलेले होते आणि प्रत्येक प्रांताला स्वतंत्र तज्ज्ञ होता.

खुब्याच्या तज्ज्ञानं खुबा निर्दोष ठरवून साहेबांचं अभिनंदन केलं. गुडघ्याच्या तज्ज्ञानं गुडघ्यात थोडी झीज काढली, पण "मांडी माझ्या हद्दीत येत नाही," असं नम्रपणे सांगितलं. पावलाच्या तज्ज्ञानं करंगळीची आस्थेनं चौकशी केली. पोटरी कोणाचीच नव्हती. तिच्यावरून दोन विभागांत जुना वाद होता आणि तो मिटेपर्यंत पोटरीला कुणी हात लावायचा नाही असं ठरलेलं होतं. दुर्दैवानं साहेबांची पोटरीच सगळ्यात जास्त ठणकत होती.

पाठीच्या तज्ज्ञानं मात्र साहेबांना एका खडखडणाऱ्या नळकांड्यात घालून मणक्याचा एमआरआय काढला आणि तो दिव्यासमोर धरून जीभ चुकचुकवली.

"गादी सरकलीय."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "कोणी सरकवली?"

"मणक्यातली गादी हो. या वयात दहातल्या पाचजणांची सरकलेली असते, त्यांना पत्ताही नसतो. पण तुम्हाला आता कळलंय ना! हा पट्टा घ्या. आणि सक्त विश्रांती. हलायचं नाही."

साहेब प्रथमच समाधानानं हसले. याला म्हणतात डॉक्टर.

ते पट्टा आवळून पलंगावर पडले. कूस वळली की कळ, वळली नाही की आखडलेपण. बाई मायेनं तोंडात घास घालत आणि रागानं चादर झटकत. पाच वर्षांची नात दाराशी येऊन विचारायची, "आजोबा, तुम्ही अजून बिघडलेलेच आहात?" पाय आधी बसल्यावर दुखायचा, आता तो बारा महिने चोवीस तास सेवेत रुजू झाला.

इकडे बाई फोनवर कुणाला तरी "अहो, यांची गादी सरकलीय" असं म्हणाल्या आणि ती बातमी खात्यात पोचली. खात्यानं तिचा अर्थ खात्याप्रमाणे घेतला. दुसऱ्या दिवशी लोक साहेबांच्या हाताखालच्या धाकट्या साहेबांना आदरानं नमस्कार करू लागले. धाकटे साहेब संध्याकाळी समाचाराला आले, डोळ्यांत पाणी घेऊन.

"साहेब, तुम्ही मुळीच काळजी करू नका. तुमची खुर्ची गार पडू नये म्हणून मी रोज तिच्यात बसतो."

"आणि उठता कधी?"

"उठलो तर गार पडेल ना!" धाकटे साहेब म्हणाले. मग सहज आठवल्यासारखं त्यांनी सांगितलं, की आजाराला वैद्यकीय मंडळाची मान्यता लागते. महिनाअखेर ती आली नाही, तर खुर्ची रिकामी समजण्यात येईल.

साहेब ताडकन उठले. कळ आली, पण खुर्चीच्या कळीपुढे ती काहीच नव्हती.

वैद्यकीय मंडळाची इमारत चार मजली होती आणि लिफ्ट फक्त मान्यताप्राप्त रुग्णांसाठी होती. साहेबांना अजून मान्यता मिळायची होती, म्हणून त्यांना जिना. पहिल्या खिडकीतला माणूस न बघताच म्हणाला, "इथे नाही, वरती." वरचा म्हणाला, "आधी मागच्या इमारतीतून शिक्का." मागच्या इमारतीत शिक्का होता, शाई नव्हती. "उद्या या." ही वाक्यं साहेबांच्या चांगल्याच ओळखीची होती, पण आजवर ती त्यांनी फक्त खिडकीच्या आतल्या बाजूनं ऐकली होती.

पहिले दिवस फार वाईट गेले. साहेब प्रत्येक पायरीवर थांबत, कठडा धरून डोळे पुसत. पेटीएवढी मोठी पर्स काखेत मारून मागून चढणाऱ्या बाई म्हणत, "अहो, राहू द्या ती खुर्ची. घरी काय कमी खुर्च्या आहेत?" साहेब मान हलवत आणि पुढची पायरी चढत. बसायला तिथे बाकच नव्हतं, त्यामुळे रांगेतही उभंच राहावं लागे. पट्टा काचायला लागला म्हणून त्यांनी तो सोडून ठेवला. हेलपाटे चालूच राहिले. वरून खाली, पुढून मागे, आज नाही उद्या.

आणि महिना सरत आला तशी एक विचित्र गोष्ट घडली. मागच्या इमारतीत शाई आल्याची हूल उठली, आणि साहेब दोन दोन पायऱ्या एकदम उतरत, तरण्याताठ्यांना मागे टाकत रांगेत पहिले उभे राहिले. बाई धापा टाकत पोचल्या.

"अहो, पाय?"

साहेबांनी पायाकडे बघितलं. कुल्ला, मांडी, पोटरी, करंगळी. सगळीकडे शांतता होती. त्यांना इतका आनंद झाला की ते भर रांगेत बाईंचा हात धरून हसले. बाई लाजल्या आणि म्हणाल्या, "हळू हसा. मंडळाला कळेल."

मंडळाला कळलंच. ठरल्या दिवशी साहेब ताठ चालत आत गेले.

"रुग्ण कुठाय?" अध्यक्षांनी विचारलं.

"मीच."

"चालत आलात?"

"हो. आता दुखत नाही."

तिघा सदस्यांनी एकमेकांकडे बघितलं. अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे आजार मंजूर होण्यापूर्वीच तुम्ही बरे झालात. कुणाच्या परवानगीनं?"

जन्मभर परवाने दिलेल्या माणसाला हा प्रश्न फार लागला.

निर्णय सर्वानुमते झाला. पाय दुखत असेल, तर इसम खुर्चीस अपात्र. दुखत नसेल, तर रजा खोटी, म्हणूनही खुर्चीस अपात्र. सहानुभूतीपूर्वक विचार करून त्यांना फिरते तपासनीस नेमण्यात आलं. टेबल नाही, खुर्ची नाही, दिवसभर दुकानोदुकानी हिंडून परवाने तपासायचे. साहेब दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना सडकून भूक लागली, रात्री गाढ झोप लागली, आणि रविवारी त्यांनी नातीला पाठुंगळी घेऊन बाग हिंडवली.

खुर्ची गेलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, पण बऱ्या झालेल्या माणसाला सगळे विचारतात. "काय केलंत?" साहेब प्रामाणिकपणे सांगत, "चाललो." लोक हसत आणि निघून जात. एक दिवस रस्त्यात धाकटे साहेब भेटले. आता ते मोठे साहेब होते. डावा हात कुल्ल्यावर होता.

"खरं सांगा साहेब, कशानं बरं वाटलं?"

"खुर्चीतून उठा. चाला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई हेच सांगतात, मीच ऐकलं नव्हतं."

नव्या साहेबांचा चेहरा पडला. "सांगायचं नसेल तर नका सांगू. पण खुर्चीचा राग असा माझ्या पायावर काढू नका."

साहेबांना त्यांची दया आली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "कुणाला बोलू नका. एक मुळी आहे. सकाळ-संध्याकाळ चघळायची, पण चालता चालता. बसलात की गुण गेला."

नव्या साहेबांनी त्यांचे दोन्ही हात गच्च धरले. आठ दिवसांत बातमी फुटली. अख्खं शहर सकाळी काहीबाही चघळत चालू लागलं, मुळीच्या नावानं दुकानं निघाली, आणि डॉक्टरीणबाईंचा दवाखाना मात्र ओस पडला.

तुम्ही हसलात ना? डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ते तुम्ही शब्दन् शब्द वाचलंय, आणि तेही बसूनच. पण आता खरं सांगा, ओठावर कुठला प्रश्न आलाय? त्या मुळीचं नाव काय, हाच ना?