बर्फावरील बटणाची मोहीम

ओहमच्या नियमास साक्ष ठेवोन ही हकीकत लिहिली असे. पदरचे काही घातले नाही, घडले ते लपविले नाही.

मिनेसोटाच्या उत्तर मुलखी, तळी गोठली म्हणजे रयत बर्फास भोके पाडोन मासे धरिते. तेथील एका लहान कारखान्याचे धनी, राजमान्य राजश्री ऑर्विल लुंडीन, यांनी पाण्याची खोली सांगणारे यंत्र काढिले. यंत्राचे पोटी नाण्याएवढा सेल, तोच अवघा खजिना. म्हणोन चिपेस निद्रेचा हुकूम, आणि दारी बटण चौकीस. बटण दाबताच चिपेने जागावे, काम करावे आणि पुन्हा निजावे. हा बंदोबस्त सिग्ने टोलेफसन या इंजिनीयर बाईंचा.

मग विकलेली यंत्रे महिन्याभरात मरोन परत येऊ लागली. धनी खवळले आणि फर्मान सुटले, की रविवारपावेतो चोर न सापडल्यास बाईंचे बटण बरखास्त आणि जागी सरकता खटका बसवावा. खटक्याच्या फटीतून पाणी शिरोन यंत्रे बुडणार, हे बाई जाणत होत्या; परंतु मेजावर मीटर लावावा तो विजेची गळती नाममात्र. खजिना लुटला जाई आणि चोर दिसेना!

तेव्हा बाई शनिवारी तळ्यावर चालोन गेल्या. तेथे ड्वेन निएमी नामे जुने मासेमार मोर्चा धरोन बसले होते. बाईंनी त्यांजकडील यंत्र मागितले, तो त्यांनी जाकीट उघडिले आणि स्वेटर वर करोन पोटाशी बांधलेले काढिले.

"ड्वेन, हे तिथे कशाला?"

"मग काय बर्फावर ठेवू? सेल गारठतो, बाई! इथे सगळे असंच ठेवतात."

"आणि बटण कुठल्या बाजूला?"

"पोटाकडे. काच बाहेर ठेवून फोडून घेऊ होय?"

"अरे, म्हणजे दिवसभर तुझं पोट बटण दाबतंय!"

"पोटाला नावं नको ठेवूस. महागामोलाचं आहे ते."

भेद उघडला. बटण दाबलेले असता त्यास जोडलेल्या रोधकातून, म्हणजे रेझिस्टरातून, वीज अखंड वाहे. मेजावरील बटणास कोणी हात लावीत नसे, म्हणोन मीटर गाफील राहिला. बाईंनी मोटारीतच लॅपटॉप उघडिला आणि चिपेस नवा हुकूम दिला, की बटण सुटेना तर रोधकाची रसद तोडावी, अधूनमधून पळभर जोडोन पाहावे आणि सुटले असता चौकी पूर्ववत करावी.

रविवारी धन्यांसमक्ष ड्वेनच्या स्वेटरातून मीटरच्या तारा बाहेर काढिल्या. ड्वेन कॉफी पिऊन फुगोन बसले, बटण करकचून दाबले गेले, तरी मीटरचा काटा शून्याशी लीन राहिला. पाहावयास जमलेल्या मंडळींत एकच गजर जाहला.

धन्यांनी बटण बाईंस बहाल केले. आणि यापुढे हरेक यंत्र मेजावर नव्हे, पोटावर परीक्षावे, ऐसा ठराव जाहला. त्या कामी धन्यांचेच पोट मुक्रर केले, कारण कारखान्यात तितके विस्तीर्ण मैदान दुसरे नव्हते. बटणाची फत्ते जाहली.