पगाराची प्रतिष्ठापना

पगार ही गोष्ट वेळेवर मिळण्यासाठी नसून माणसाला एका जागी टिकवून ठेवण्यासाठी असते, हे आपल्याकडे अजून नीट समजून घेतलं गेलेलं नाही. ज्याचा पगार झाला तो दुसऱ्या दिवशी नोकरी सोडू शकतो. ज्याचा थकला तो कुठेही जात नाही. आमच्या 'हैबत कला केंद्रा'तून (गणेशमूर्तींचा कारखाना पेणला, मुख्य कार्यालय रोह्याला) होळीपासून एकही कामगार सोडून गेलेला नाही. वेळेवर पगार देणाऱ्यांनी असा आकडा काढून दाखवावा.

मी इथं व्यवस्थापक आहे. आधी कारकून होतो. शिमगा झाल्यावर पगार मागायला गेलो, तेव्हा आमचे मालक हैबतराव शेठ यांनी खांद्यावर हात ठेवून मला बढती दिली. नंतर पुन्हा मागायला गेलो नाही. माझ्या वर आता फक्त शेठच उरलेत, आणि त्यांची जागा घेऊन मला काय करायचंय?

थकलेला पगार मागण्याची आमची पद्धत अगदी पारदर्शक आहे. कामगारानं आधी पेणच्या कारखान्यात विचारावं. तिथं त्याला सांगण्यात येतं की पैशांचा व्यवहार रोह्याला. मग त्यानं रजा टाकून (बिनपगारी, म्हणजे त्याचं नुकसान काहीच नाही) रोह्याची गाडी धरावी. रोह्याला मी त्याला खुर्ची देतो, पाणी देतो आणि शेठ नुकतेच पेणला गेल्याचं सांगतो. चहा देत नाही. चहावाल्याचेही राहिलेत. प्रवासाचे फायदे मात्र मोठे आहेत. आमच्या पाहणीनुसार पेणहून निघताना शंभर टक्के असलेला राग कासूपर्यंत सत्तरवर येतो, नागोठण्याला चाळीसवर, आणि रोहा स्टेशनात उतरेस्तोवर नुसती भूक उरते. भुकेवर आमच्याकडे उपाय नाही, पण तो प्रश्न आस्थापनेच्या कक्षेतही येत नाही.

मिथुन हा आमचा आखणीवाला, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणारा. राहायला हमरापूरला. पितांबर कुणीही रंगवेल, डोळ्यांना मात्र हात लागतो. मिथुननं डोळे काढलेल्या मूर्तीसमोर कुठेही उभे राहा, देव आपल्याकडेच बघतोय असं वाटतं. अशा कलावंताला पैशांची गरज पडू नये, पण पडली. त्याच्या मुलीला, दिशाला, रोह्याला नर्सिंगला जागा मिळाली होती. दीड दिवसाचे गणपती गेले की येणाऱ्या सोमवारी फी भरायची, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. आपण सगळे एक कुटुंब आहोत, हा विचार अजून कॉलेजांपर्यंत पोचलेला नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मिथुननं शेठना कारखान्यात गाठलं. (पेणला आहेत असं सांगितलेलं असताना शेठ खरोखर पेणला सापडले, ही आमच्या कार्यालयाची चूक. ती नोंदवून घेतली आहे.)

"शेठ, पोरीची फी भरायची हाय. सोमवार शेवटचा."

शेठचे डोळे भरून आले. ते लगेच भरतात. "मिथुन, अरे तुला मी कधी कामगार मानलंच नाही रे!" (हे खरं आहे. मानलं असतं तर कायदा लागू झाला असता.) "पैसे असते तर घरी आणून दिले असते. पण माल आहे. या पाच मूर्ती ने. पाच महिन्यांच्या पाच. आज संध्याकाळी एसटी स्टँडवर उभा राहा, ऐन वेळेला धावणारी गिऱ्हाइकं भांडून नेतील."

"यांचे डोळे काढलेले नाय, शेठ."

"मग तू कशाला आहेस?"

मिथुननं 'पगार भरून पावलो' म्हणून सही केली, ओळखीचा टेम्पो सांगितला आणि मूर्ती चढवल्या. बेत चांगला होता. ब्रश घरी होते. घरी जायचं, डोळे काढायचे, दिवे लागायच्या आत स्टँड गाठायचा. फक्त हायवेच्या कामाची धूळ कोऱ्या चेहऱ्यांवर बसू नये म्हणून त्यानं पाचही मूर्तींची तोंडं रुमालांनी झाकली. रुमाल लाल होते. गेल्या दिवाळीत बोनसऐवजी कंपनीनंच दिलेले.

इथं चूक झाली. हमरापुरात मूर्ती रोज शेकड्यांनी हलतात. उघड्या तोंडाची मूर्ती गेली तर कुत्रंही मान वर करत नाही, तो माल. तोंड झाकून निघाली की तो देव, कुणाच्या तरी घरी चाललेला. हा नियम कुठं लिहिलेला नाही, म्हणून तो सगळे पाळतात. मिथुनची आई सगुणा ओट्यावर बसली होती. तिनं लाल रुमालातले पाच देव आपल्याच दारात थांबलेले पाहिले आणि ती गुडघेदुखी विसरून आत धावली. मिथुन पहिली मूर्ती उतरवतोय तोवर त्याच्या पायांवर पाणी पडलं होतं, भाकरतुकडा ओवाळून झाला होता आणि रुमालावरूनच मूर्तीच्या कपाळाला कुंकू लागलं होतं. गल्लीनं 'मोरया' केला.

"आये, पगार हाय त्यो! इकायचाय!"

"दारान आलेला देव इकतस? जीभ झडंल तुजी! पाच-पाच आलं रं बाबा, काय पुण्य केलंय मी!"

तांत्रिकदृष्ट्या मिथुनचं म्हणणं बरोबर होतं. प्रतिष्ठापना दुसऱ्या दिवशी व्हायची होती, तोवर माल विक्रीयोग्य होता. पण गल्लीतल्या बायका ताटं घेऊन रांगेत उभ्या होत्या, आणि तांत्रिकदृष्ट्या बरोबर असलेल्या माणसाला रांगेतल्या बायकांपुढे काही स्थान नसतं. मिथुननं ब्रश घेतला आणि खाली बसला.

मी चतुर्थीला दर्शनाला गेलो होतो. इतके सुंदर डोळे त्यानं कारखान्यात कधीच काढले नाहीत. दिशा कोपऱ्यात मोदक वळत होती आणि पाचही देव तिच्याकडेच बघत होते. मला फार वाईट वाटलं. (हे माझं खासगी मत आहे, आस्थापनेचं नाही.) पाच नारळ, पाच हार, प्रत्येकी एकवीस मोदक आणि भटजींची दक्षिणा, सगळं उधारीवर. पगार मिळाल्याबद्दल कामगारालाच खर्च येण्याची ही आमच्या माहितीतली पहिली वेळ. शेठनी आवर्जून येऊन ताटात अकरा रुपये ठेवले आणि मोदकाचं कौतुक केलं. ती रक्कम पगारातून वळती करू नये, असं त्यांनी मला निघताना सांगितलं.

दीड दिवसानं विसर्जन झालं. खाडीच्या कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मिथुन एकेक मूर्ती खाली सोडत होता आणि काहीतरी पुटपुटत होता. लोकांना वाटलं, मंत्र म्हणतोय. मी शेजारीच होतो. तो एप्रिल, मे, जून असं म्हणत होता.

सोमवार आला आणि गेला. जागा पुढच्या मुलीला मिळाली. दिशा "जाऊ दे बाबा, नाय रडत मी" म्हणाली आणि मग खूप रडली. हे कळल्यावर शेठचे डोळे पुन्हा भरले. त्यांनी तिला लगोलग रोह्याच्या कार्यालयात घेतलं. पगार ठरलेला आहे.

तिचं काम फोन करण्याचं. आमच्याकडे माल खपत नाही असं नाही. खपतो. गिऱ्हाईक अर्धे पैसे देऊन मूर्ती नेतं आणि 'उरलेले गणपती झाले की देतो' म्हणतं. मग गणपती होतात. अशांची यादी दिशासमोर असते. तिचा आवाज गोड आहे. "नमस्कार, पेणच्या मूर्तीचे राहिलेले..." एवढं म्हणेपर्यंत बहुतेक जण फोन ठेवतात. मूर्ती नेताना मात्र हेच लोक डोळ्यांचं तोंड भरून कौतुक करतात, देव अगदी माझ्याकडेच बघतोय म्हणून फोटो काढून पाठवतात. तुम्हीही पाठवला होतात. मघाशी हे वाचता वाचता तुमचा फोन वाजला, आणि अनोळखी नंबर बघून तुम्ही तो पालथा ठेवलात. ती दिशा होती.