काशानच्या साखरसुळक्याची मोहीम

मालिकाचे नाव घेऊन कलम धरिले. तख्ते पालटली, किल्ले पडले, त्यांचे कागद लिहिणारे बहुत जाहले. परंतु काशान शहरी, जिल्हेज महिन्याचे अखेरचे शुक्रवारी, सपीदेबानूचे अक्दाचे, म्हणजे निकाहाचे, समयी साखरेवरून जो प्रसंग गुदरला त्याचा कागद कोणी केला नाही. म्हणोन लिहिणाराने, जो ते दिवशी जातीने हजर होता आणि चार पेले चहा प्याला, ही हकीकत लिहिली आहे. पदरचे काही घातले नाही. काही गाळिले असेल ते भिडेस्तव.

सपीदेबानू सहा वर्षांची असता तिची आई वारली, बाप एकटा पडला, आणि मग आईची बहीण तूबाखाला हिने तिजला उचलिले, वाढविले, तिचे केस विंचरिले आणि गोवरात उशाशी बसली. या तूबाखालाचा नवरा बावीस वर्षांमागे बंदर अब्बासेस नोकरीस म्हणोन गेला, आणि तेथे दुसरे घर केले, आणि इकडे तलाकाचा कागद टपालाने रवाना केला. कसूर त्याची, बदलौकिक मात्र खालाचे वाट्यास आला. जगाची रीत ऐसी बिनलाजी आहे. खालाचे मनी इतक्या वर्षांत एकच हेत राहिला, की सपीदे अक्दास "हो" म्हणेल ते क्षणी तिचे मस्तकावर साखर पडावी ती आपले हातची पडावी.

परंतु नवरदेव पेयमान याची मातोश्री अशरफखानम मोठी करारी, जिचे हुकुमावाचून घरात पडदा हलत नसे. तिचे फर्मान सुटले, की वधूवरांचे मस्तकावर जे पांढरे कापड धरतात, आणि त्यावर साखरेचे दोन सुळके, म्हणजे टोकदार घट्ट ढेपा, घासतात, त्या कामी जिचा नवरा हयात आणि घरात आहे तिनेच हात लावावा. फुटक्या नशिबाची सावली कापडावर पडो नये. नाव कोणाचे घेतले नाही, आणि मग सर्वांनी तूबाखालाकडे पाहिले. त्यावर खानमने बहुत अदबीने खालास मुदपाकखान्याची सुभेदारी दिली.

"साखर फोडण्यात तुमचा हात धरणारं काशानात कोणी नाही, खाला. शंभर माणसांचा चहा आहे."

हे खरेच होते. खालाने घरून अस्सल साखरेचे तीन सुळके आणि आपली छोटी कुऱ्हाड आणिली होती, आणि तिचे फोडलेले खडे सारखे पडत. सपीदेने हे वर्तमान ऐकिले आणि नटण्याचे खुर्चीवरून उठून मुदपाकखान्यात गेली.

"तू नसशील तर मी बसायची नाही, खाला."

"गप गं. इतकी माणसं जमलीत, माझ्यापायी वितुष्ट नको. मला इथून सगळं ऐकू येतं." आणि इतके बोलून खालाने सुळक्यावर घाव घातिला, तो नित्यापेक्षा जोराचा पडला.

दिवाणखान्यात दस्तरखान मांडिला होता. आरसा, शमादाने, मध, अक्रोड आणि लेसमध्ये गुंडाळून मोती चिकटविलेले दोन सुळके, हा सर्व सरंजाम सजावटीचे दुकानाहून भाड्याने आणिला होता. ते सायंकाळी मोहर्रमचा चंद्र दिसणार होता, आणि मग शोकाचे दोन महिने लग्नाचे नाव कोणी काढीत नाही, म्हणोन सारे काशान तेच दिवशी बोहल्यावर चढले होते. अक्द पढविणारे मोहद्दसी आका यांस सूर्यास्ताचे आत आणखी दोन ठिकाणी जाणे होते, आणि त्यांची फटफटी दारात चालूच ठेविली होती.

मग चार सुवासिनींनी कापड ताणिले, आणि एकीने सप्तरंगी धाग्याने कापडास टाके घालीत सासूची जीभ शिवण्याचा दस्तूर यथासांग पार पाडिला. जीभ मात्र मोकळीच राहिली, कारण "टाके सरळ घाल" हा हुकूम तेव्हाच तिजवरून सुटला. मग पाचवीने लेस सोडवून सुळके घासिले. कर्कश आवाज जाहला, आणि भुगा कापडातून झिरपून नवरदेवाचे खांद्यावर उतरला. पेयमान पेशाने दातांच्या कवळ्या करणारा. त्याने भुगा बोटावर घेतिला, हुंगिला आणि मान वर केली.

"आई, हे प्लॅस्टर आहे."

"तोंड बंद ठेव. नवरदेव बोलत नसतात."

"अगं, मी दिवसभर यातच हात घालून बसतो. ह्याच्यावर कवळी बसेल, संसार नाही बसायचा."

एकच हलकल्लोळ जाहला. साखरेने संसार गोड व्हावा तेथे मस्तकावर चुना पडला, याहून वाईट शकुन तो कोणता? अशरफखानमने तीन स्वार बाजारास दौडविले. शुक्रवार, बाजार बंद. एक स्वार चौकोनी खड्यांचा पुडा घेऊन आला, ते घासिता बोटेच सोलली. दुसरा पिठीसाखर घेऊन आला. तिसऱ्यास वाटेत दोस्त भेटला, आणि तो दोस्तासच घेऊन आला. मोहद्दसी आकांनी घड्याळ पाहून जाहीर केले, की वीस मिनिटे थांबतो, नपेक्षा सफर महिना उलटल्यावर भेटू.  इतक्यात मुदपाकखान्याकडून आवाज आला, ठक्, ठक्.

अशरफखानम खासा तिकडे चालून गेली. दोन सुळके फुटले होते, तिसरा कुऱ्हाडीखाली उभा होता.

"थांबा! तो द्या मला."

लिहिणारास वाटले, खाला आता शर्ती घालील, तहाची कलमे मांडील. हाती एवढा मोहरा असता दुसरे कोण सोडिते? परंतु खालाने काही मागितले नाही.

"घ्या की. सपीदेसाठीच आहे. पण घासायला दोन लागतात."

ऐसे म्हणोन तिने सुळका आडवा धरिला, नजर रोखिली आणि एकच घाव घातिला. दोन तुकडे बरोबर निम्मे जाहले, कण सांडला नाही. खानमने ते ताटात घेतिले, "बहुत उपकार" म्हणाली आणि दार लोटून घेतिले. लिहिणारास त्या दाराचा राग आजही आहे.

मग कापड पुन्हा ताणिले आणि मोहद्दसी आकांनी वधूची मर्जी विचारिली. बायका दस्तुराप्रमाणे ओरडल्या, "नवरी फुलं वेचायला गेलीय." दुसऱ्यांदा विचारिले. "नवरी गुलाबपाणी आणायला गेलीय." काशानात गुलाबपाणी घरोघर भरलेले, त्यासाठी कोठे जाणे नलगे, तरी टाळ्या पडल्या. तिसऱ्यांदा विचारिले. सपीदे बोलेना. जीभ मोकळी होण्यासाठी सासूने काही द्यावे हा रिवाज, म्हणोन खानमने सोन्याचे कडे तिचे हाती घातिले. तरी बोलेना. बाहेर फटफटी खाकरली. मग सपीदेने आपले हाते बुरखा वर केला.

"नवरी स्वयंपाकघरात गेलीय. खालाला आणायला."

अशरफखानमचे तोंड उघडिले, आणि मिटले, आणि पुन्हा उघडिले, परंतु आत काही सापडले नाही. सप्तरंगी धागा तेव्हा कोठे लागू पडला. इतक्यात पेयमानही उठून उभा राहिला.

"माझी नवरी तिकडे आहे, आई, तर मी इथे एकटा बसून काय करू?"

मग खानम गेली. या खेपेस चालून गेली नाही, चालत गेली. दार उघडिले तो खाला दारामागेच उभी होती, कान फळीस लावून.

"चला, खाला."

"नको, खानम. माझे हात चिकट झालेत."

"साखरेचेच ना? मग चला."

तूबाखाला कमरेचे फडके न सोडिता आली. तिने ते दोन तुकडे हाती घेतिले आणि घासिले, आणि साखर पडली, बारीक आणि मोजकी. सपीदेने वर पाहिले आणि बोलिली, "माझे बाबा आणि माझी आई तूबाखाला, यांच्या परवानगीने, हो." बायकांनी जिभा हालवून किलकारी घातिली. खाला रडली. डोळ्यांत साखर गेली वगैरे सबब तिने सांगितली नाही, उघड रडली, आणि तिजला कोणी आवरिले नाही.

येणेप्रमाणे सूर्यास्तापूर्वी घटकाभर मोहीम फत्ते जाहली. मोहद्दसी आका दरकूच पुढील अक्दास गेले. प्लॅस्टरचे सुळके लेस गुंडाळून दुकानी परत पोचते जाहले, आणि बहुधा अद्याप भाड्याने जात असतील. तूबाखालास दस्तरखानाशेजारी वधूचे आईचे जागी बसविले. ती सवयीने उठो लागली, म्हणाली, "पाहुण्यांचा चहा राहिलाय."

"बसा तुम्ही," अशरफखानम म्हणाली. "मी बघते."

आणि मग खानम स्वतः मुदपाकखान्यात गेली, आणि घासून उरलेले ते दोन तुकडे पुढे घेऊन कुऱ्हाड उचलिली. लिहिणाराचा चौथा पेला तो हाच. खडे ओबडधोबड पडले होते, निम्म्याचा भुगा जाहला होता. तक्रार कोणी केली नाही. कागद पुरा जाहला.