अकरा वाजताची लोकसेवा

माझ्या आठवणीवर फार भरवसा ठेवू नका. (मीही ठेवत नाही.) २०२१ चा जानेवारी होता की फेब्रुवारी, हे आता नक्की सांगता येत नाही. माझ्या रेडिओला चाळीस श्रोते होते असं मला आठवतं. लीलावती, म्हणजे आमची सौ., म्हणते अकरा.

लॉकडाउनमध्ये मी नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या आमच्या फ्लॅटमधून इंटरनेटवर मराठी रेडिओ चालवायचो. रोज सकाळी अकरा ते बारा, फक्त राजकारण. इथलं मंत्रिमंडळ, तिथलं मंत्रिमंडळ आणि फोनवर श्रोत्यांची मतं. श्रोत्यांची म्हणजे बहुतेक वेळा दीनानाथांची. हे गृहस्थ अ‍ॅमस्टरडॅमजवळ अ‍ॅमस्टेलव्हीनला एकटे राहायचे, वय अठ्ठ्याहत्तर. बरोबर अकरा दहाला फोन लावायचे आणि "प्रोफेसर, तुम्हाला काही कळत नाही" या वाक्यानं सुरुवात करायचे. मी लायडनला राज्यशास्त्रात डॉक्टरेट केली आहे. ते जहाजांचे इंजिनिअर. रोज मीच हरायचो.

एका सकाळी पोहे खाता खाता मी लीलावतीला म्हणालो, "आपण करतो ती एक प्रकारची लोकसेवाच आहे, नाही?"

"आपण? मला नका गोवू त्यात."

"अगं, लोकांना विचार करायला लावतो मी."

"भांडायला लावता. आधीच माणसं घरात कोंडलेली." तिनं माझ्यापुढे लिंबाची फोड सरकवली. "अहो, नळाचं पाणी ही सेवा. एक दिवस बंद पडलं की लोक ओरडतात. तुम्ही बंद पडा. बघू कोण ओरडतं ते."

मला पटलं हो ते. लोकसेवेच्या व्याख्येवर मी पस्तीस वर्षं तळटीपा लिहिल्या, पण इतकी स्वच्छ कसोटी मला सुचली नव्हती. मी तीन दिवसांचा प्रयोग आखला. चॅनेल सुरू, माइक बंद. श्रोत्यांचा आकडा दिसू नये म्हणून लॅपटॉपवर पंचा टाकला. मोह नको म्हणून मोबाइल बंद करून तांदळाच्या डब्यात पुरला.

पहिल्या दिवशी कोणी ओरडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अकरा ते बारा मी नुसता खुर्चीत बसून राहिलो. रेडिएटरचा आवाज, लांबून ट्रामची घंटा, बाकी काही नाही. मग मला शंका आली, की ही शांतता मला सोसत नाही म्हणूनच मी रोज तासभर बोलत होतो, आणि त्याला सेवेचं नाव दिलं होतं. (ही शंका अजून गेलेली नाही.)

तिसऱ्या दिवशी दुपारी खालून आरोळी आली.

"प्रोफेसर! ओ प्रोफेसर!"

मी गॅलरीत धावलो. तीन मजले खाली, सायकलींच्या स्टँडपाशी, माकडटोपी आणि एकावर एक दोन मास्क घातलेले दीनानाथ उभे. हातात आम्ही दिवाळीला पाठवलेल्या फराळाच्या पार्सलवरचा, पत्त्याचा फाडलेला कागद.

"जिवंत आहात?"

"आहे! तुम्ही इथे कसे?"

"बस, मग ट्रेन, मग ट्राम! दहा महिने कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेलो नव्हतो! तीन दिवस फोन बंद, रेडिओ चिडीचूप. म्हटलं, गेला माणूस!"

"अहो, मी प्रयोग करत होतो!"

"कसला?"

"रेडिओ लोकसेवा आहे की नाही याचा!"

समोरच्या इमारतीत चार खिडक्या उघडल्या होत्या.

"प्रोफेसर, तुम्हाला काही कळत नाही!" दीनानाथ ओरडले. मग आवाज उतरला. "अहो, तुमच्याशी भांडायचं असतं म्हणून मी रोज सकाळी दाढी करतो."

त्यांनी दोन्ही मास्क खाली ओढले. गालावर तीन दिवसांचे पांढरे खुंट होते. नंतर त्यांनी चष्मा पुसला की डोळे, ते तिसऱ्या मजल्यावरून नीट दिसलं नाही.

"ओरडलं कुणीतरी," लीलावती मागून म्हणाली. "आणि फोन तांदळात पुरल्यावर माणसानं ओरडायचं तरी कुठे? इथवर यावं लागलं बिचाऱ्याला."

प्रयोग आखताना ही बाब माझ्या लक्षात आली नव्हती. मी मुकाट्यानं कपडे वाळत घालायची दोरी सोडवून एका पिशवीला बांधली, तिनं पिशवीत वरणभाताचा डबा ठेवला आणि आम्ही तो हळूहळू खाली सोडला. स्टँडच्या कठड्यावर बसून जेवता जेवता दीनानाथांनी मंत्रिमंडळाबद्दल माझी चूक काढली.

दुसऱ्या दिवशी अकराला मी माइक सुरू केला. अकरा दहाला फोन आला. एका माणसाची दाढी ही लोकसेवा धरावी की नाही, यावर मी अजून विचार करतो आहे. पण निदान एक श्रोता पक्का, एवढं समाधान मला पुढे बरीच वर्षं पुरलं.

गेल्या वर्षी चॅनेल कायमचं बंद करताना जुन्या नोंदी उघडून पाहिल्या. लीलावतीचंच बरोबर होतं. श्रोते अकरा. फक्त मी गप्प होतो त्या तीन दिवसांत बारा.

"हा बारावा कोण गं?" मी विचारलं.

"मी," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "फार छान झाला होता कार्यक्रम."