माणसं राहिली

सुधाकर मेश्राम यांच्या घरी सिनेमा पाहायला गेलात तर चपला दाराशी हाताला येतील अशा काढून ठेवण्याचा काही उपयोग नाही. सिनेमा संपतो, पडद्यावर 'दी एंड' उमटतं, आपण गुडघे चोळत उठायला लागतो, तोच मेश्रामकाका टुणकन उडी मारून दाराला पाठ लावून उभे राहतात आणि म्हणतात, "बसा. माणसं राहिली."

माणसं म्हणजे तो सिनेमा बनवणारी माणसं. हिरो, हिरॉइन, दिग्दर्शक नव्हेत. त्यांच्याविषयी काकांचं म्हणणं एवढंच, "त्यायची नावं तर भिंतींवर लागून राहतात. त्यायले आपली काय गरज?"

सिनेमा नेहमी एकच असतो. अमेरिकेतला जुना, काळा-पांढरा, घोड्यांचा आणि पिस्तुलांचा. त्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही म्हणाल, "हो, हो, पाहिलाय." आणि 'पाहिलाय' म्हणणाऱ्याची मेश्रामकाका तिथल्या तिथे तोंडी परीक्षा घेतात. मी तीत नापास झालेलो आहे, आणि मी पुण्याचा असल्यामुळे ते माझ्या मनाला चांगलंच लागलेलं आहे.

जुन्या सिनेमात नावं सुरुवातीलाच येतात आणि तीही मोजकी. बाकीच्यांना पगार मिळाला की विषय संपला. ही बाकीची मंडळी मेश्रामकाकांनी वर्षानुवर्षं गोळा केली होती. कधी जुन्या मासिकांतून, कधी लायब्ररीतून, कधी टेलिफोनच्या तारेवरून कुरकुरत येणाऱ्या त्या काळच्या इंटरनेटवरून. हातात कागद नाही की चिटोरं नाही. दाराला पाठ लावून ते सुरू करायचे.

"रस्त्यावर धूळ उडवणारा, जो. धूळ जास्त झाली की पाणी मारणारा, जोचा मेहुणा. दोघांचं बोलणं बंद होतं. हिरोची नवी कोरी पँट दगडावर घासून घासून जुनी करणारी बाई, मिसेस डॉयल. विधवा होती बिचारी. गुत्त्यातल्या ग्लासांत दारू म्हणून चहा ओतणारा..."

"माझ्या सख्ख्या मावशीचं नाव विचारा यांना," शोभाकाकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या. "नाही येणार. मिसेस डॉयल विधवा होती, हे मात्र पाठ आहे."

मेश्रामकाका मूळचे नागपूरचे. इकडे न्यूझीलंडला, ईस्ट टामाकी नावाच्या उपनगरातल्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात ते मशिनांवर इंजिनिअर होते. घर पापाटोएटोला, दुकानांच्या मागच्या गल्लीत. आम्ही जवळच फ्लॅट बुश भागात नवं घर घेतलं होतं. एवढं मोठं की बायकोला हाक मारायची तर आधी ती कोणत्या मजल्यावर आहे याचा अंदाज घ्यावा लागे. काकांनी वास्तुशांतीला येऊन ते घर सगळं पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "प्लास्टर कोणी केलं?" मला माहीत नव्हतं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू जेवलो आणि स्वयंपाक कोणी केला हे न विचारताच हात धुतले.

हे वेड सिनेमापुरतं असतं तर चाललं असतं. एकदा आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात नाटक झालं. नाटक झाल्यावर काकांनी माइक घेतला. पडदा ओढणारा, शिडी आणणारा, गाड्या लावून देणारा, नटाच्या मिशीला डिंक कमी पडला तेव्हा समोरच्या डेअरीतून, म्हणजे इकडच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, धावत जाऊन गोंद आणणारा, अशी एकेकाला नावानिशी हाक मारून त्यांनी उभं केलं. तोवर बटाटेवडे गार झाले. ज्यांनी वडे तळले होते त्यांचीही नावं मग घेण्यात आली, पण ती माणसं रागाने उठून उभीच राहिली नाहीत.

दुसरं वेड म्हणजे चूक सहन न होणं. आमच्या मंडळाचे अध्यक्ष आपटे अमेरिकेला जाऊन आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मेश्राम, तुमच्या त्या सिनेमातलं गाव बघून आलो बरं का. तिथल्या एका घरात चहासुद्धा घेतला."

"कोणत्या घरात?"

"ते... चर्चच्या शेजारचं."

"त्याले मागची बाजू नव्हती," काका शांतपणे म्हणाले. "त्या गावाले नुसत्या समोरच्या भिंती होत्या. मागून लाकडाचे टेकू. तुम्ही चहा काय टेकूवर बसून घेतला?"

सगळा हॉल हसला. आपट्यांनी त्यानंतर मेश्रामकाकांशी बोलणं सोडलं. मी काकांना म्हटलं, "जाऊ द्यायचं होतं हो." तर म्हणाले, "काहून जाऊ द्यायचं? गावच नव्हतं तर नव्हतं."

तर असे हे काका. आणि म्हणूनच त्या शनिवारी मला धाकधूक वाटत होती.

पापाटोएटोला म्हाताऱ्यांचं एक रेस्ट होम आहे. तिथे काका अधूनमधून डीव्हीडी घेऊन जायचे आणि तिथल्या आजीआजोबांना सिनेमा दाखवायचे. नव्वदीला टेकलेला बर्ट नावाचा एक आजोबा तिथे होता. दक्षिणेकडचा, साउथलँडचा, मेंढ्यांच्या शेतावर जन्म गेलेला. त्याने काकांच्या तोंडून त्या सिनेमाचं नाव ऐकलं आणि म्हणाला, "त्यात मी होतो." तरुणपणी बोटीने अमेरिकेला गेलो आणि त्या सिनेमात घोडे सांभाळले, पडद्यावरसुद्धा दिसलो, असं त्याचं म्हणणं. हे तो नर्सला, न्हाव्याला, पोस्टमनला, सगळ्यांना सांगायचा. आता त्याचा वाढदिवस होता, ब्रिस्बेनहून त्याची मुलगी येणार होती, आणि रेस्ट होमने ठरवलं की तिच्यासमोर तोच सिनेमा मोठ्या पडद्यावर लावायचा.

पडद्यासाठी प्रोजेक्टर हवा होता. तो माझ्या ऑफिसात होता. म्हणून मी.

"काका, बर्ट खरंच आहे त्यात?" मी गाडीत विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"घोडेवाले सगळे एकाच रँचवरचे होते. भाऊ भाऊ, आणि त्यायचे चुलत. बाहेरचा माणूस त्यायनी घोड्याले हात लावू दिला नाही. न्यूझीलंडचा तर कोणीच नव्हता."

"मग आज काय करणार?"

"पिक्चर लावणार," काका म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. मला आपट्यांचा चेहरा आठवला. आपटे तरी पन्नाशीचे होते, ते पचवू शकले. नव्वदीच्या माणसाला, वाढदिवसाला, पोटच्या मुलीसमोर हे ऐकावं लागलं तर? मी मनातल्या मनात प्रोजेक्टरचा बल्ब जावा म्हणून प्रार्थना केली. चांगला बल्ब जाणं न जाणं आपल्या हातात नसतं.

हॉलमध्ये मेरे नावाची तिथली नर्स भेटली. "किया ओरा, बॉलीवूड!" माओरी भाषेत नमस्कार करत ती काकांना म्हणाली. ती त्यांना कायम बॉलीवूड म्हणायची, आणि काकांनी तिची ही चूक कधी सुधारली कशी नाही हे मला कोडंच आहे. बर्ट पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत बसला होता. त्याच्या डोक्यावर कोणीतरी खेळण्याच्या दुकानातली काउबॉय टोपी घातली होती. शेजारी त्याची मुलगी लॉरेन. साठीची असेल. हातात चहाचा कप, आणि तोंडावर इस्पितळात बसल्यासारखं हसू.

प्रोजेक्टर जोडत असताना ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "तुमचे हे मित्र या सिनेमाचे जाणकार आहेत म्हणे. मी शाळेत असताना वर्गात सांगितलं होतं, माझे डॅड सिनेमात आहेत. पोरं कितीतरी दिवस हसत होती. मग मी घरी येऊन डॅडना खोटारडे म्हटलं. त्यानंतर मी हा सिनेमा कधी पाहिलाच नाही." तिने कप खाली ठेवला. "आज बघते."

हे सगळं काकांनी ऐकलं. डीव्हीडी रुमालाने पुसत राहिले.

सिनेमा सुरू झाला. हिरो गावात शिरायच्या आतच बर्ट झोपला. हनुवटी छातीवर, टोपी नाकावर. लॉरेन मात्र एकेका चेहऱ्याकडे डोळे ताणून पाहत होती. गुत्त्यात मारामारी झाली, बँक लुटली गेली, गोळ्या सुटल्या, आणि तिचे खांदे हळूहळू खाली येत गेले. शेवटी हिरो डोंगराकडे निघून गेला आणि 'दी एंड' आलं. मेरेने दिवे लावायला हात वर केला.

"प्लीज सीट," काका दाराशी जाऊन म्हणाले. "पीपल आर रिमेनिंग."

चाकाच्या खुर्च्यांतली माणसं तशीही कुठे जाणार नव्हती. काकांनी सुरू केलं. धूळ उडवणारा जो, त्याचा मेहुणा, मिसेस डॉयल. म्हाताऱ्या बायकांनी मिसेस डॉयलबद्दल चुकचुकून घेतलं. मग घोडे आले. काकांनी त्या भावांची नावं घेतली, चुलतभावांची घेतली, आणि श्वासही न घेता, त्याच सुरात, म्हणाले, "अँड बर्ट, फ्रॉम साउथलँड, न्यूझीलंड."

मी हातातली वायर सोडली.

स्वतःचं नाव ऐकून बर्ट जागा झाला. त्याने टोपी वर केली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "ती करडी घोडी. चावायची."

"करेक्ट," मेश्रामकाका म्हणाले. "शी वॉज बायटिंग."

"दाखवाल मला?" लॉरेनने विचारलं. काकांनी रिमोट घेतला आणि सिनेमा मागे नेऊन एका जागी थांबवला. बँकेसमोर घोडे बांधलेत. एक माणूस पाठमोरा उभा आहे, लगाम हातात, टोपीमुळे मान तेवढी दिसते. "देअर," काका म्हणाले. लॉरेन उठून भिंतीपाशी गेली. एवढी जवळ गेली की तिचीच सावली त्या माणसावर पडली, तेव्हा ती बाजूला सरकली. बराच वेळ पाहत राहिली. मग वळली आणि बर्टच्या खुर्चीपाशी खाली बसून म्हणाली, "सॉरी, डॅड." बर्ट इकडच्या पद्धतीने 'चालायचंच' अशा सुरात म्हणाला, "स्वीट अ‍ॅज," आणि त्याने मेरेला विचारलं की केक कधी कापणार.

परतताना गाडीत मी न राहवून म्हटलं, "काका, करडी घोडी होती?"

"काळा-पांढरा पिक्चर आहे बाप्पा. सगळेच घोडे करडे."

मला हसू आवरेना. काकाही हसले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "आमचा मिलिंद पर्थला आहे. मोठ्या कंपनीत. मागच्या वेळी फोनवर म्हणे, बाबा, तुम्ही तिकडे इतकी वर्षं नेमकं काय केलं? चिडून नाही म्हणाला. सहज म्हणाला. मी म्हटलं, खोकी बनवली. तो म्हणे, अच्छा." सिग्नल हिरवा झाला. "लय वाईट वाटलं रे. त्याले काय दाखवू? खोकं तर लोक फाडून फेकून देतात."

या माणसाची मी किती वर्षं टिंगल केली, त्याच्या घरचा किती चहा प्यायलो, आणि ते रोज कारखान्यात काय करतात हे मीही कधी विचारलं नव्हतं.

काकूंनी मेथी आणायला सांगितली होती म्हणून पापाटोएटोच्या दुकानांपाशी थांबलो. आपल्या भारतीय दुकानाबाहेर फुटपाथवर भाज्यांची, फळांची खोकी रचलेली होती. मी वरच्या खोक्यावर थाप मारली. "काका, हे तुमच्याच कारखान्याचं आहे, पैजेवर सांगतो."

काकांनी वाकून पाहिलं. "नाही. आमचं नाही. उगाच खोटं नको बोलू. आमच्या खोक्याची कड अशी फुगत नाही." आणि त्यांनी ते बाजूला काढून खालचं पाहिलं. मग त्याच्या खालचं. कोबीचं, आल्याचं, संत्र्यांचं. दुकानदार बाहेर आला. "अंकल, क्या चाहिए?" काका खोकी बाजूला काढतच राहिले. सगळ्यात तळाशी बटाट्यांचं एक खोकं होतं, ओलसर, एका कोपऱ्यात फाटलेलं. काका फुटपाथवर उकिडवे बसले आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"हे," ते म्हणाले. "माझी मशीन."

वाढदिवसासाठी आणलेला छोटा डिजिटल कॅमेरा माझ्या खिशात होता. मी तो काढला. "मिलिंदला पाठवू."

काका पटकन बाजूला सरकले. "मी नको. नुसतं खोकं घे. त्याले समजेल."

मी कॅमेरा थोडा डावीकडे वळवला आणि दोघांना घेतलं.