बाटली परळला, फाईल अहमदाबादला

परळच्या आमच्या प्राणिरसायन संशोधन मंडळात एकोणीसशे अठ्ठावन्नच्या जूनमध्ये पंचवीस ग्रॅम डायनायट्रोफिनॉलची एक बाटली रीतसर दाखल झाली आणि रीतसर कुलुपात गेली. विषारी पदार्थांच्या कपाटाला दोन कुलपं असतात. एक किल्ली भांडारपाल रघुवीर चिटणीसांकडे, दुसरी अधीक्षकांकडे. आणि दोन्ही एका वेळी फिरवायच्या तर परवानगीची फाईल लागते. ती फाईल माझ्या टेबलावर होती. मी कमलाकांत वेलकर, हेडक्लार्क, राहणार गिरगाव. पुढे जे झालं त्यात माझ्या हातून एकही नियम मोडलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बाटली हवी होती दादरच्या लतिका गुप्ते या संशोधक बाईंना. शिष्यवृत्ती दोन वर्षांची, मुदत तीस जून साठ. तोवर प्रयोग पुरा झाला तर डॉक्टरेट, नाहीतर घरी. रोज सकाळी त्या मटण मार्केटातून बोकडाचं ताजं स्वादुपिंड बर्फाच्या थर्मासमधून आणायच्या आणि दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहायच्या.

"कमलाकांतराव, आजचंही फुकट गेलं."

"बाई, पण हे विष तुम्हाला हवंय कशाला? फाईलवर हेतू लिहावा लागतो."

त्यांनी अगदी सोपं करून सांगितलं. स्वादुपिंडाच्या पेशीत अन्न पचवणारी प्रथिनं बनतात. आत बनतात आणि बाहेर पडतात. मधे कुठून कुठे जातात ते कोणालाच नीट ठाऊक नाही. या रसायनाने पेशीला मिळणारी शक्ती तोडली, की माल वाटेतच अडतो.

"वाहता माल पकडता येत नाही हो," बाई म्हणाल्या. "अडला, की कुठे अडला ते बघायचं. त्यावरून वाट कळते."

मी हेतूच्या रकान्यात लिहिलं, "सुरळीत चाललेले काम अडवून पाहणे." इतका स्पष्ट हेतू आमच्या कचेरीत याआधी कोणी लिहिला नव्हता. फाईल वर गेली.

चार महिन्यांनी मंडळाच्या परवाना समितीचा शेरा आला: "प्रथिने पेशीतून प्रवास करतात याचा पुरावा जोडावा."

"अहो, तो पुरावा मिळवायलाच तर बाटली हवी!"

"तसं लेखी द्या."

बाईंनी लेखी दिलं. पुढल्या पाच महिन्यांनी दुसरा शेरा: "पुरावा मिळाल्यावर बाटलीची गरज उरणार नाही. सबब पुराव्यासह पुन्हा सादर करावे." खोटं कशाला बोलू, तो शेरा मी दोनदा वाचला. बोट ठेवायला जागा नव्हती.

दोष माझा नव्हताच. दोष त्या द्वैभाषिक राज्याचा होता. मराठी माणसाची फाईल मराठी माणसाच्या राज्याशिवाय हलायची कशी? त्यासाठी आम्ही झटत होतो. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या एकाही मोर्च्याला मी गैरहजर नव्हतो. सगळ्या किरकोळ रजा त्यातच संपल्या. फ्लोरा फाउंटनला लाठी खाल्ली आहे मी. निदान खाणाऱ्याच्या शेजारी उभा होतो. बाई आल्या की मी त्यांना धीर द्यायचो, "आपलं राज्य येऊ द्या, बाई. मग बघा."

"बघते," त्या म्हणायच्या आणि थर्मास उचलून जायच्या.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात रघुवीर घाबराघुबरा होऊन आला. "वेलकर, ते रसायन ओलं ठेवायचं असतं रे! कपाटाच्या काचेतून बघितलं, पाणी उडून पातळी खाली गेलीय. पार कोरडं पडलं तर स्फोट होईल म्हणतात. दोन चमचे पाणी घालू?"

"त्यासाठी कपाट उघडावं लागेल."

"हो."

"परवानगी आहे?"

परवानगी नव्हती. म्हणून पाण्याऐवजी पत्र पाठवलं, स्फोटकांच्या खात्याला. त्यांनी कळवलं की वस्तू ओली असेपर्यंत विष आहे, सबब आमच्या कक्षेत येत नाही. कोरडी झाल्यावर कळवावे. खबरदारी म्हणून कपाटासमोर वाळूच्या चार बादल्या ठेवल्या आणि बाईंचं टेबल त्या खोलीतून जिन्याखाली हलवलं. तिथे नळ नव्हता. बाईंनी त्याबद्दल अर्ज केला. तोही मी मूळ फाईललाच जोडला.

अखेर साठ सालचा एक मे उजाडला. आमच्या वाडीत तोरणं लागली, रोषणाई झाली. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. राज्याचे दोन भाग झाले, तेव्हा कागदांचेही झाले. निकाल न लागलेल्या फायली निम्म्या-निम्म्या वाटायच्या, विषम क्रमांक अहमदाबादला. बाईंची फाईल चारशे सतरा. मी स्वतःच्या हाताने गठ्ठा बांधला, वर लाख लावली. बाटली मात्र स्थावर सामानात धरली गेल्यामुळे परळलाच राहिली.

बाईंना हे सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "नवी फाईल काढता येईल?"

"जुनी निकालात निघाल्याशिवाय नाही."

अठ्ठावीस जूनला अकराच्या सुमारास त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. राजीनामा. सवयीने मी घड्याळाकडे पाहिलं. कागद माझ्याकडून लेखापालाकडे गेला, तिथून भांडारात, अधीक्षकांकडे, कार्यवाहांकडे आणि संचालकांकडे. पाच टेबलं, पाच सह्या. एकानेही पुरावा मागितला नाही, एकानेही शेरा मारला नाही. बारा वाजायला पाच मिनिटं असताना मंजूर होऊन तो माझ्याकडे परतही आला.

बाई सगळा वेळ भिंतीशी उभ्या राहून त्या कागदाच्या मागे नजर फिरवत होत्या.

"वाट तर मोकळी आहे, कमलाकांतराव," त्या म्हणाल्या. "माझ्या बाटलीचाच कागद तेवढा अडला."

वाईट वाटलं मला, खरंच वाटलं. त्यांचा रिकामा थर्मास मी फाटकापर्यंत उचलून नेला, आणि परत येऊन त्या मंजुरीची जावक नोंद केली.

ही हकीगत मी वाडीत पुष्कळदा सांगितली आहे. ऐकणाऱ्यांत बँकेतले होते, पोस्टातले होते, विमा कंपनीतले होते. समितीच्या शेऱ्यावर पोट धरून हसले, वाळूच्या बादल्यांवर टाळ्या दिल्या, अहमदाबादवर तर एकाला ठसका लागला. पण त्या बाईंचं पुढे काय झालं, हे त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नाही. मी प्रत्येक वेळी थोडा थांबून बघतो. आताही थांबलो आहे. तुम्हीही अजून विचारलेलं नाही.