माडाच्या हाताखाली

आमच्या वृद्धाश्रमात दिवसपाळीला दोन मदतनीस आहेत, एक मी आणि दुसरा अंगणातला माड. मला सहा वर्षं झाली, त्याला नऊ. म्हणजे तो मला सीनियर.

सीनियरबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण आहे ते सांगते. बेल वाजली तरी माड ढिम्म हलत नाही. बेडपॅनकडे बघत नाही. कुणाला दोन घास भरवायचे म्हटलं की हा आपला वर आभाळाकडे. दुपारी शहाळी देतो तेवढंच काय ते काम, आणि तीही उतरवायला गडी बोलवावा लागतो. कौतुक मात्र केवढं. भेटायला आलेले नातेवाईक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. माझ्याशेजारी आजवर कुणी उभं राहिलेलं नाही.

तेवढं मी चालवून घेतलं असतं. पण द्वारकाकाकी खोतांचं मला बघवेना. काकी चौऱ्याऐंशीच्या, अर्धांगवायूनं डावं अंग गेलेलं. त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखम होते. नियम असा की कूस दोन मदतनिसांनी मिळून बदलायची. माड खोलीत येत नाही, तेव्हा काकींनाच पलंगासकट अंगणात न्यावं लागतं. पलंगाचं एक चाक अडकतं, त्यात मध्ये उंबरठा. न्यायला पाऊण तास, आणायला पाऊण तास, आणि बाकीची अकरा म्हातारी माणसंही माझ्याच गळ्यात. बुंध्याशी नेल्यावर कूस मीच बदलते, तो सावली देतो. सहा वेळा व्हायचं ते काम दिवसातून तीनदाच होतं. माघात काकींची जखम चिंचोक्याएवढी होती, चैत्रात पेढ्याएवढी झाली.

मी लेखी तक्रार दिली. व्यवस्थापक गणपुले साहेबांनी रीतसर चौकशी लावली. कर्मचाऱ्याला बाजू मांडायची संधी मिळावी म्हणून ती माडाखालीच ठेवली. खुर्च्या मीच बाहेर काढल्या, काकींचा पलंगही.

साहेबांनी आरोप मोठ्याने वाचले आणि आम्ही सगळे दहा मिनिटं थांबलो. मग वारा आला, एक झावळी डावीकडे हलली. साहेबांनी लिहून घेतलं, आरोप अमान्य.

"साहेब, काकींची पाठ सडत चाललीय," मी म्हटलं. "मला हातापायाचं माणूस द्या. नाहीतर मला एकटीला खोलीतच कूस बदलू द्या."

"प्रमिलाबाई, नियम पेशंटच्या सुरक्षेसाठी असतो. आता मला सांगा, नऊ वर्षांत यांनी एक तरी रजा घेतली?"

"नाही."

"कुणाला उलट बोलले?"

"नाही."

"ड्यूटीची जागा सोडली?"

"कशी सोडतील?"

"तुम्ही मात्र दिवसातून चाळीस वेळा जागेवर नसता."

"मी पेशंटकडे असते, साहेब."

"कारणं सगळ्यांकडेच असतात. यांनी कधी दिलं एखादं कारण?"

पलंगावरून काकी बोलल्या, "माडाला डोळे असतात गो. कुणाच्या डोक्यात नारळ टाकायचा नाही तो."

"डोळे असतील काकी, हात नाहीत ना."

साहेबांनी तेही लिहून घेतलं, सहकाऱ्याच्या शारीरिक उणिवेवर शेरेबाजी.

निकाल लागला तो असा: मी महिनाभर माडाच्या हाताखाली प्रशिक्षण घ्यायचं. आठ ते आठ त्याच्याशेजारी उभं राहायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही.

"आणि काकींना बाहेर कोण आणणार?" मी विचारलं.

"मदतनीस तर दोघेही हजर आहेत. आणायचं तेवढं प्रशिक्षण संपल्यावर बघू."

पहिल्या दिवशी माझ्या पोटऱ्या भरून आल्या. दुसऱ्या दिवशी कमी दुखलं. तिसऱ्या दिवशी काहीच दुखलं नाही, तेव्हा मला भीती वाटली. चौथ्या दिवशी दुपारी खिडकीतून हाक आली, "प्रमिले, पाठ जळते गो."

मी पाय उचलला, तो उचलेना. खाली बघितलं तर दोन्ही टाचांतून पांढरी मुळं फुटून, चप्पल भेदून मातीत गेलेली. दोऱ्याएवढी जाड असतील. मी बुंध्याला धरून हिसका दिला. मुळं तुटली, थोडं रक्त आलं. तशीच आत गेले. चार मिनिटांत एकटीनं काकींची कूस बदलली, जखम धुतली, औषध लावलं. 

"पायाला काय झालं गो?" काकींनी विचारलं.

"मूळ फुटलं होतं."

काकींनी विचार केला. "मीठ लावू नको हां. माडाला मीठ मानवतं. वाढेल."

परत आले तोवर मेमो तयार होता, परवानगीशिवाय जागा सोडली. माझं प्रशिक्षण महिन्यानं वाढवलं.

ते अजून चालू आहे. दर दोन तासांनी हाक येते, मी विळीनं मुळं कापते आणि आत जाते. दर वेळी एक मेमो मिळतो, मी सही करते. काकींची जखम पुन्हा चिंचोक्याएवढी झालीय.

कालची मुळं जरा जाड होती. म्हणून आज विळी घरी ठेवून कोयता आणलाय.